टोकायला कोणीतरी हवं

शास्त्रीय गाणं शिकलेला माणूस मठात गेला की लोक त्याला दोनच प्रश्न विचारतात. गाणं सोडलंत का? आणि, आता तुमचं गाणं फार खोल गेलं असेल ना? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सूर्य मावळला की मी गातो, रोज गातो, त्यात सहसा खाडा नाही. दुसऱ्याचं उत्तर मला देता येत नाही. गाणं खोल गेलं की उथळ झालं, हे गाणाऱ्याला स्वतःला फारसं कळत नसतं. ते समोरच्या जाणकाराला कळतं. आणि आमच्याकडे समोर बसलेली माणसं गाणं ऐकायला आलेली नसतात.

मी रामकृष्ण संघाचा संन्यासी आहे. मूळचा नाशिकचा. शाळकरी वयापासून एका बुवांकडे ग्वाल्हेर गायकी शिकलो, विशारद झालो, आकाशवाणीची बी-हाय श्रेणी मिळाली. गणेशोत्सवात, गावोगावच्या संगीत मंडळांत बोलावणी येऊ लागली होती. अशात मठात गेलो. का गेलो, ते सांगत बसत नाही, कारण त्याचा गाण्याशी संबंध नाही. गाण्याला कंटाळून गेलो नाही आणि गाण्यातून देव सापडला म्हणूनही गेलो नाही. विवेकानंदांची पुस्तकं वाचली, मठात जाऊ-येऊ लागलो, मग राहायलाच गेलो. लोकांना यापेक्षा सुरस काहीतरी हवं असतं. माझ्याकडे ते नाही.

आमची संध्याआरती महाराष्ट्रातून पहिल्यांदा येणाऱ्याला जरा चकवते. आपल्याकडे आरती म्हणजे टाळ्या, झांजा आणि कडव्यागणिक चढत जाणारी लय. इथे ‘खंडन भवबंधन’ हे स्वामी विवेकानंदांनी १८९८ साली रचलेलं गीत मिश्र कल्याणात आणि चौतालात गातात. चौताल म्हणजे ध्रुपदाचा ताल. बारा मात्रा, चार टाळ्या, दोन काल, साथीला शक्यतो पखवाज. शेवटाकडे लय बदलते, पण सुरुवातीचा भाग ठाय आणि भारदस्त. त्यानंतर स्वामीजींचंच संस्कृत स्तोत्र, देवीचं स्तवन, श्रीमांचं म्हणजे सारदादेवींचं स्तोत्र. संघाच्या मुख्य मठात बेलूरला हेच, नागपूरला हेच, मुंबईला खारच्या मठात हेच, परदेशातल्या केंद्रांतही हेच.

ध्रुपदाचा ताल देवळाच्या आरतीत कसा आला, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. उत्तर स्वामीजींच्या तरुणपणात आहे. ते कोलकात्यात रीतसर गाणं शिकलेले होते, ध्रुपद गात, पखवाज वाजवत. १८८७ साली ‘संगीतकल्पतरू’ नावाचा गाण्यांचा आणि संगीतशास्त्राचा बंगाली संग्रह निघाला, त्याचे वैष्णवचरण बसाक यांच्याबरोबरचे संपादक तेच होते. तेव्हा वय चोवीस. ज्या संघाचा संस्थापक असा, तिथे आपली चांगली सोय होईल असं मला वाटलं होतं. सोय झालीही, पण मला वाटली होती तशी नाही.

ख्यालगायकाची तालीम काय सांगते? पुन्हा तेच नको. बुवा म्हणायचे, एकच जागा दोनदा आली तर पहिली वेळ फुकट गेली समज. यमन गाताना गंधारावर किती दारांनी येता येतं, हे शोधण्यात आमची वर्षं गेली. आणि आता मी एकच चीज, त्याच पट्टीत, त्याच ठेक्यात, रोज संध्याकाळी गातो. मध्ये हरकत घ्यायची सोय नाही. घेतली की मागे गाणारे शंभर-दीडशे लोक अडखळतात, आणि अडखळलेली गर्दी सावरायला दोन आवर्तनं जातात. गर्दीला स्वतःची लय असते. लांब स्वरावर ती रेंगाळते, ओळखीच्या ओळीवर धावते, आणि हार्मोनियमवाल्याचं अजिबात ऐकत नाही. तिला धरून ठेवायचं ते फक्त पखवाजाने. म्हणून पखवाजवाला कच्चा असला की त्या दिवशी आरतीत माझं अर्धं लक्ष देवाकडे नसून समेकडे असतं. वरिष्ठांना हे सांगितलं तर ते हसतात.

पट्टीचंही असंच. माझी पट्टी काळी दोन. आरती त्याच्या बरीच खाली धरावी लागते, कारण ती वसतिगृहातल्या पोरांनी, पेन्शनर आजोबांनी, रिक्षा बाहेर लावून आलेल्या माणसाने, सगळ्यांनी म्हणायची असते. रोज खालच्या पट्टीत गायल्याने आवाज तिथे बसतो. भरतो, गोलसरही होतो. पण तार सप्तकातला गंधार-मध्यम महिनोन्‌महिने लागत नाही, आणि जे रोज लागत नाही ते एक दिवस लागेनासं होतं. त्यात पुजारी महाराजांच्या हातातली घंटा. मी काही वर्षं होतो त्या केंद्रातली घंटा कोमल धैवताच्या आसपास वाजायची. कल्याणात कोमल धैवत! दुसऱ्या कोणाला त्याचा त्रास झाल्याचं आठवत नाही.

सगळ्यात अवघड गेली ती पहाट. आमच्याकडे चारच्या सुमाराला उठायचं, मंगलारती, मग गाभाऱ्यासमोर किंवा आपापल्या खोलीत जप आणि ध्यान. हीच वेळ गवय्याच्या खर्जाची. बुवांच्या घरी याच वेळेला आम्ही तीन-चार शिष्य मंद्र षड्ज लावून बसायचो. मठात या वेळेला तोंडातून शब्दही काढायचा नसतो. शेजारच्या खोलीत कोणी डोळे मिटून बसलेलं असताना भिंतीपलीकडून ‘सा’ लावणं हे शिस्तीला धरून नाही, आणि सभ्यतेलाही नाही. दुपारी जेवणानंतर थोडी विश्रांती असते, पण भरल्या पोटी आवाज जड. संध्याकाळी आरती. रात्री वाचन, जेवण, आणि दिवे लवकर बंद. मधला सगळा वेळ ज्याच्या त्याच्या कामाचा. मी कधी वसतिगृह सांभाळलं, कधी पुस्तकविक्री, कधी हिशेब. पूर आला की मदतकार्याला जावं लागतं. तिथे महिनाभर घसा धूळ आणि ओल यांत असतो.

तेव्हा ज्या ज्या केंद्रात बदली झाली तिथे मी आधी पंपाची खोली कुठे आहे ते बघत आलो. पंप चालू असला की बाहेर आवाज जात नाही, आणि मोटरचा घूं घूं स्वर बहुतेक वेळा एका जागी स्थिर असतो. त्याच्याशी षड्ज जुळवून घेता येतो. एका केंद्रात गोशाळा होती. गाईंना खर्ज चालतो. तानेला मात्र त्या उठून उभ्या राहायच्या. गोशाळा सांभाळणाऱ्या महाराजांनी मला अतिशय नम्रपणे सांगितलं की सकाळच्या धारा झाल्यावर या. मग धारांनंतर जाऊ लागलो.

संघात आल्या आल्या कोणी संन्यासी होत नाही, हे बाहेर फारसं ठाऊक नसतं. आधी काही काळ एखाद्या केंद्रात राहायचं, मग बेलूर मठातल्या प्रशिक्षण केंद्रात दोन वर्षं, साधारण पाचेक वर्षांनी ब्रह्मचर्यदीक्षा, आणि त्यापुढे आणखी चारेक वर्षांनी संन्यास. बेलूरच्या दोन वर्षांत उपनिषदं, गीता, संस्कृत, संघाचा इतिहास, आणि आळीपाळीने अंगमेहनतीची कामं. गंगेच्या काठावर राहायला मिळतं याचा आनंद आवाजाला होत नाही. तिथल्या दमट हवेत तानपुऱ्याच्या तारा गंजतात, जवारी बिघडते. माझा मिरजेचा तानपुरा मी बुवांकडेच ठेवला होता, ते बरं केलं. बरोबर होता तो खोक्यातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा. त्याला हवेचं सोयरसुतक नाही.

बेलूरच्या मोठ्या मंदिरात, म्हणजे १४ जानेवारी १९३८ ला ज्याची प्रतिष्ठापना झाली त्या मंदिरात, आरतीचा आवाज ऐकणं हा मात्र वेगळा प्रकार आहे. लांबलचक सभामंडप, उंच छत. स्वर सुटला की लगेच परत येत नाही, फिरून येतो. हिवाळ्यात तिकडे पाचच्या सुमारालाच सूर्य मावळतो. बाहेर अंधार, आत शेकडो पुरुषांचा एकत्र कल्याण. तिथे मी नवखा होतो, मागच्या रांगेत बसायचो, माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. मैफलीत गाणाऱ्याला ही सवय नसते. पहिल्या आठवड्यात मी नकळत आवाज चढवत होतो. पुढच्या रांगेतल्या एकाने वळून बघितलं. तेवढं पुरलं.

बंगाली गाण्यांनी मला खरं शिकवलं. कालीपूजेच्या अमावास्येला रात्रभर पूजा चालते आणि कालीकीर्तन होतं. अठराव्या शतकातले रामप्रसाद सेन, त्यांच्यानंतरचे कमलाकांत भट्टाचार्य यांची श्यामासंगीतं. स्वतः श्रीरामकृष्णांना ही गाणी फार प्रिय, ते गायचेही, त्यांच्या संभाषणांच्या ‘कथामृत’ या ग्रंथात या गाण्यांचे उल्लेख पानोपानी सापडतात. चाली ऐकायला साध्या. मी एकदा ऐकून उचलल्या आणि आपल्या पद्धतीने गाऊन दाखवल्या. तिथे एक वृद्ध महाराज होते. आयुष्यभर शाळा चालवलेली, गाण्याची तालीम शून्य. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही आईशी बोलत नाही आहात, तिला काहीतरी दाखवताय.” मग स्वतः तेच गाणं म्हणून दाखवलं. आवाज फाटका, श्वास मध्येच तुटणारा. पण शब्दाचं वजन कुठे टाकायचं हे त्यांना अचूक ठाऊक होतं. रामप्रसादी चालीत मुलगा आईवर रुसलेला असतो, तिच्याशी भांडत असतो. त्या भांडणात मुरकी आली की भांडण संपतं. त्या महाराजांकडे मी वर्षभर जाऊन बसत होतो. मठात मला टोकणारा तो पहिला माणूस.

स्वामीजींचं संगीताबद्दलचं एक मत आमच्याकडे अजून चघळलं जातं. शरच्चंद्र चक्रवर्ती या शिष्याशी बोलताना त्यांनी खोल-करतालावर, म्हणजे बंगाली कीर्तनाच्या भावविव्हळ वळणावर चांगलीच टीका केली होती. त्यांना डमरू, शिंग, ध्रुपद असं काहीतरी वीरवृत्तीचं हवं होतं. माझे बंगाली गुरुबंधू यावर दोन्ही बाजूंनी वाद घालतात. मी मराठी असल्यामुळे मला हा वादच थोडा परका वाटतो. आपल्याकडे टाळ आणि पखवाज एकाच दिंडीत चालतात. वारकरी रडतो, नाचतो आणि वीस-वीस किलोमीटर चालतोही. भक्ती मऊ की कणखर, असा निवाडा आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर कोणी मागितलेला नाही. आमच्या घरी एकादशीला आजोबांचा हरिपाठ असायचा. मठात एकादशीला रामनामसंकीर्तन असतं, रामकथा सांगणाऱ्या एकशे आठ नामांचं. श्रीरामकृष्णांचे शिष्य स्वामी ब्रह्मानंद यांनी ते दक्षिणेत ऐकलं आणि संघात आणलं. मी आजही एकादशीला रामनाम म्हणताना हात टाळ धरल्यासारखा हलवतो असं लोक म्हणतात.

पखवाजाची गोष्ट निघालीच आहे तर कणकेचंही सांगतो. पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, वाजवण्याआधी ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय घुमारा येत नाही. ती रोज मुदपाकखान्यातून मागून आणावी लागते. एका केंद्रात स्वयंपाकघर सांभाळणारे महाराज रोज विचारायचे, “किती पोळ्यांची?” त्यांच्या हिशेबी वहीत पखवाजाची कणीक वेगळ्या रकान्यात होती. अन्न वाया घालवायचं नाही या नियमात वाद्यही येतं.

आता सर्दीचा प्रसंग. पावसाळ्यात एकदा माझा आवाज साफ बसला. दवाखान्यात काम करणारा एक ब्रह्मचारी त्या दिवशी हार्मोनियमवर बसला. मुलगा अत्यंत गुणी, पण स्वराशी त्याचं वैर नव्हतं इतकंच म्हणता येईल. षड्ज कधी लागायचा, कधी त्याच्या शेजारी बसायचा. मध्यम तीव्र होता की शुद्ध हे देवालाच माहीत. मी मागे बसून मनात कानावर हात ठेवले होते. आरती संपली, दिवा फिरला, लोक उठले. रोज येणाऱ्या एक बाई दाराशी थांबून त्याला म्हणाल्या, “आज फार छान झाली आरती.” त्या माझ्या गाण्यालाही नेहमी हेच म्हणायच्या.

मला वाईट वाटलं ते कौतुक दुसऱ्याच्याही वाट्याला गेल्याचं नव्हे. दाद मिळवायची हौस तोवर बरीच ओसरली होती, निदान मला तसं वाटत होतं. वाईट वाटलं ते हे कळून, की माझ्या आवाजात सहा महिन्यांपूर्वी काही बिघडलं असेल तर तेही कोणाला कळलं नसेल. सुधारलं असेल तर तेही नाही. आरती पूर्ण होण्यासाठी सूर लागण्याची अट नव्हती. कोणी तरी मनापासून म्हटली पाहिजे एवढीच अट होती, आणि तिची पूर्तता तो दवाखान्यातला मुलगा माझ्यापेक्षा कदाचित चांगली करत होता. मठाच्या दृष्टीने गाणं ही एक सेवा आहे. कोणी फुलं काढतो, कोणी बिलं भरतो, कोणी हार्मोनियमवर बसतो. हे मला बौद्धिकदृष्ट्या पहिल्या दिवसापासून मान्य होतं. त्या संध्याकाळी मात्र ते अंगावर आलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, संन्याशाला टाळ्यांची आठवण येत असेल. तसं होत नाही. टाळ्या फार लवकर विसरतात. आठवण येते ती पहिल्या रांगेत पाय दुमडून बसलेल्या, पान खाणाऱ्या, कधीच मान न हलवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याची, जो मैफल संपल्यावर चहा पिताना सांगायचा की केदारात आज मध्यमाची घाई झाली. प्रत्येक गावात असा एक असतो. ऑर्गनायझर त्याला घाबरतात. गवई आतून त्याच्यासाठीच गातो.

संन्यासानंतर आकाशवाणीचं एक पत्र जुन्या नावाने फिरत फिरत आलं. कार्यक्रमाचं करारपत्र. ज्या नावाने श्रेणी मिळाली ते नाव संन्यासाच्या विरजाहोमात गेलेलं. संन्याशाला मानधन घेता येत नाही असं नाही, ते मठाच्या खात्यात जातं, परवानगीही मागता आली असती. आमचे काही साधू उत्तम गातात, त्यांची ध्वनिमुद्रणं मठांतून मिळतात. अध्यक्ष महाराज म्हणाले, तुम्हीच ठरवा. मी नम्र नकार कळवला. त्याग वगैरे त्यात काही नव्हतं. अर्ध्या तासाचा विलंबित ख्याल गायला जी तयारी लागते ती माझ्याकडे उरली नव्हती, हे मला आदल्या आठवड्यात पंपाच्या खोलीत कळून चुकलं होतं.

गाणं आणि वैराग्य एकत्र नांदवलेल्यांचा विचार मी त्या काळात बराच केला. आमच्या नाशिकला विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधाराश्रम आहे. बुवा आम्हाला लहानपणी तिथे नेत. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा, हयातभर शिष्य घडवणारा, मुंबईतली इमारत कर्जापायी गमावलेला हा माणूस उत्तरायुष्यात रामनामाकडे वळला आणि नाशिकला येऊन राहिला. लोक सांगतात, शेवटी शेवटी त्यांना रागदारीपेक्षा रामधूनच अधिक जवळची वाटे. त्यांच्या काही चाहत्यांना याचं दुःख होतं. मला मुलगा असताना हे नीटसं समजत नसे. आता एवढं दिसतं की पलुस्करांच्या भोवती शेवटपर्यंत शिष्य होते, तेही एकापेक्षा एक तयार. धून म्हणतानाही सूर हलला तर ओळखणारे कान आजूबाजूला होते. दुसरी वाट स्वामी प्रज्ञानानंदांची. ते रामकृष्ण वेदान्त मठाचे, म्हणजे स्वामी अभेदानंदांनी काढलेल्या मठाचे. त्यांनी भारतीय संगीताच्या इतिहासावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. संन्यासी संगीताचा अभ्यासक होऊ शकतो, याचं ते चांगलं उदाहरण. मला ती वाट झेपली नाही. पुस्तकातला राग वाचताना मला झोप येते.

मग बुवा आले. संन्यासानंतर मी नाशिकला राहायला जाणं रीतीला धरून नव्हतं, आणि ते थकले होते. तरी मुलाला घेऊन, रेल्वेचा मोठा प्रवास करून आले. मंदिराच्या पायऱ्यांवर भेट झाली, आणि मी वाकायच्या आत त्यांनीच मला हात जोडून नमस्कार केला. “महाराज,” म्हणाले. संन्याशाला वडीलधाऱ्यांनीही नमस्कार करायचा ही रीत मला ठाऊक होती, पण आपल्या गाण्याच्या गुरूने ती आपल्यावर चालवावी, यासाठी कोणतंच प्रशिक्षण नसतं. त्यांचं नाव घेताना मी अजूनही कानाच्या पाळीला हात लावतो. दीक्षागुरू वेगळे, त्यांचं स्थान वेगळं. कानाची पाळी बुवांचीच.

संध्याकाळी ते आरतीला बसले. डोळे उघडे, मान स्थिर. रात्री अतिथीगृहात त्यांनी दार लावून घेतलं, मुलाला बाहेर पाठवलं, खोक्यातला तानपुरा बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “बस. यमन गा.” ‘महाराज’ पायऱ्यांवरच राहिले होते. मी विलंबित सुरू केलं. दहाएक मिनिटांत त्यांनी हात वर केला.

“लय पक्की झालीय,” ते म्हणाले. “चौतालाने केलं ते. आता तुला समेवरून कोणी हलवू शकणार नाही. पण सूर सैल झालाय. तीव्र मध्यमावर तू जात नाहीस, त्याच्या घराशी जाऊन परत येतोस. किती दिवस चाललंय हे?”

मला सांगता येईना.

“तुझं ऐकतं कोण इथे?”

मी म्हटलं, रोज शंभरावर माणसं असतात.

“ती ऐकत नाहीत. गातात. गाणाऱ्याला दुसऱ्याचा सूर ऐकू येत नाही.” मग त्यांनी माझ्याकडून फक्त गंधार, तीव्र मध्यम, पंचम एवढंच घोटून घेतलं. रात्री उशिरापर्यंत. अतिथीगृहाच्या नियमात ते बसत नव्हतं, पण कोणी काही बोललं नाही. जाताना मला म्हणाले, मोबाइलवर आरती भरून मुलाला पाठवत जा, मी ऐकून कळवीन. तसं काही काळ चाललं. त्यांचा मुलगा निरोप पाठवायचा, दोन ओळींचा. “मध्यम बरा.” “आज पखवाज कोण होता? बदला.” “श्वास चोरतोस.” मग निरोप थांबले. बुवा गेले.

बुवा गेल्यानंतरची तीन-चार वर्षं माझं गाणं कसं होतं, हे कोणालाच सांगता यायचं नाही. फोनवर भरून मी स्वतः ऐकायचो, पण आपला आवाज ऐकताना माणूस एक तर लाडावतो नाही तर चिडतो. त्यात मोजमाप नसतं.

गेल्या वर्षी आमच्या केंद्रात तमिळनाडूतून एक नवा ब्रह्मचारी आला. व्हायोलिन शिकलेला, कर्नाटक पद्धतीचं. आल्या आल्या त्याने पंपाची खोली कुठे आहे असं विचारलं, तेव्हा मी कान टवकारले. महिनाभर तो आरतीला माझ्या मागे बसत होता. मग एकदा चपला घालताना, इकडेतिकडे बघून, अतिशय संकोचाने म्हणाला, “महाराज, एक सांगू? शेवटच्या कडव्यात तुमचा निषाद उतरतो. रोज.”

आमच्याकडे ज्येष्ठतेला मान फार. दोन दिवस आधी आलेला दोन दिवसांनी मोठा असतो, जेवणाच्या पंगतीत बसायची जागासुद्धा त्यावर ठरते. नव्याने ज्येष्ठाला असं सांगायचं नसतं. मी त्याला म्हटलं, रोज सांग. चपलांपाशीच सांगत जा, आत नको.

तेव्हापासून सांगतो. निषाद आता बराच सावरलाय, असं तो म्हणतो. कल्याणवर आमचं एकमत होत नाही. त्याच्या कल्याणीत गंधार आणि निषाद हलते, आमचे उभे. मी त्याला सांगतो, आरतीतला गंधार हलवू नकोस, लोक बुडतील. तो ऐकतो, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसतं की त्याला आमचा गंधार लाकडी वाटतो. परवा त्याने लयीलाही हात घातला. ठेका पहिल्या दोन आवर्तनांत मागे पडतो, आणि तो गर्दीमुळे नव्हे, माझ्यामुळे, असं त्याचं म्हणणं. लयीच्या बाबतीत बुवांचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, आणि मला हे अजिबात पटलेलं नाही. आज पखवाजाला तो स्वतः बसणार आहे. कणीक मागून आणायला आत्ताच मुदपाकखान्यात गेलाय.